एका माणसाचे कुटुंब

ओटीवरचा दिवा रात्रभर जळतो आणि सकाळी सहाच्या आत मालवला जातो. साडेसहानंतरही तो जळताना दिसला, तर समोरच्या घरातील माणूस खुंटीवरची किल्ली घेऊन निघतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावात राहणारे ७८ वर्षांचे अविवाहित शेतकरी आणि त्यांचे शेजारी यांच्यात ठरलेला हा संकेत आहे. त्याला खर्च येतो तो एका लहान दिव्याच्या विजेचा. मात्र तो ठरण्यापूर्वी एक हाड मोडावे लागले, दोन महिने उदासपणे काढावे लागले आणि दोन्ही बाजूंचा बराच संकोच गळून पडावा लागला.

या लेखात त्यांना आपण ‘काका’च म्हणू. “माझं नाव छापू नका. माझ्यात छापण्यासारखं काही नाही. पण माझ्यासारखी एकटी माणसं गावोगाव आहेत, त्यांना उपयोग होणार असेल तर हकिकत लिहा,” एवढेच त्यांचे म्हणणे होते.

वाडी, बावखल आणि घंटा

नालासोपारा स्थानकातून पश्चिमेला निघाले की इमारतींची दाटी हळूहळू मागे पडते आणि निर्मळ, वाघोली, गास, नंदाखाल, आगाशी अशा गावांचा हिरवा पट्टा लागतो. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमदानीत, येथे ख्रिस्ती धर्म रुजला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज गेले. गावातील श्रद्धा, शेती आणि बोली मात्र राहिली. उत्तर वसईतील सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी असेही म्हणतात, घरात आपली सामवेदी बोली बोलतात आणि चर्चमध्ये मराठीतून मिस्सा ऐकतात. काका लहानपणी वेदीसेवक होते. त्या काळी लॅटिनमधील उत्तरे त्यांनी अर्थ न कळता पाठ केली होती. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रार्थना मराठीत आली. “तेव्हा कळलं, इतकी वर्षं आपण काय म्हणत होतो ते,” असे सांगताना ते आजही हसतात.

त्यांच्या घरामागे दीड एकराची वाडी आहे: केळी, नारळ, थोडी भाजी, सोनचाफ्याची झाडे आणि मोगऱ्याच्या दोन ओळी. वाडीच्या कडेला बावखल आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी पूर्वजांनी खोदलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला वसईत बावखल म्हणतात. एके काळी त्यावर रहाट फिरत असे. काकांच्या तरुणपणी त्याची जागा पंपाने घेतली. पुढे टँकरने पाण्याचा बेसुमार उपसा सुरू झाला, विहिरींना खारटपणा येऊ लागला आणि ‘हरित वसई संरक्षण समिती’चे आंदोलन उभे राहिले. उस्मानाबादच्या २०२०च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या आंदोलनाच्या अग्रभागी होते. काका त्या मोर्चांत मागच्या रांगेत चालले. आजूबाजूची कितीतरी बावखले भराव घालून बुजवली गेली, त्यांचे मात्र शाबूत आहे.

वर्षानुवर्षे त्यांचा दिनक्रम घंटेला बांधलेला होता. पहाटे चारला उठून फुले तोडायची, ती दादरच्या फुलबाजारात पहिल्या लोकलने जाणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती द्यायची, अंघोळ करून साडेसहाच्या मिस्साला जायचे. चर्चमध्ये उजवीकडच्या रांगेत, खांबाजवळचा तिसरा बाक त्यांचा. परत येऊन न्याहारी, पाटाचे पाणी, खुरपणी. बाराच्या घंटेला काम थांबवून जेवण. संध्याकाळच्या घंटेला ओटीवर जपमाळ. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात पिंपळाखाली अर्धा तास गप्पा.

आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने या दिनक्रमात बरेच काही होते. चालणे, वाकणे आणि उचलणे यांमुळे स्नायूंना रोज काम मिळत होते. ठरलेल्या वेळी झोप आणि जेवण होते. आणि रोज किमान दहा-वीस माणसांशी नजरानजर होत होती. या शेवटच्या गोष्टीचे मोल आपण फार कमी लेखतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांहून सुमारे ५० टक्के अधिक आढळली. या भक्कम संबंधांत लग्नाखेरीज शेजार, मैत्री आणि समूहातील सहभाग हे सारे मोजलेले होते.

‘अविवाहित’ असे नोंदलेले घर

काकांनी लग्न केले नाही, यामागे कुठलीही अद्भुत कथा नाही. वडील लवकर गेले. घरात दोन बहिणी, एक धाकटा भाऊ आणि संधिवाताने जखडलेली आई. बहिणींची लग्ने झाली, भाऊ शिकून मुंबईत नोकरीला लागला. तोवर काका चाळिशीच्या पुढे गेले होते. आईची सेवा त्यांनी अठरा वर्षे केली. शेवटची चार वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. “लोक म्हणतात, मी त्याग केला. तसं काही मनात नव्हतं. एकेक काम पुढं येत गेलं, मी करत गेलो,” असे ते सांगतात.

अविवाहित राहण्याला ख्रिस्ती परंपरेत मान आहे. संत पौलाने आपल्या पत्रात त्या अवस्थेला देवाच्या देणगीचा दर्जा दिला आहे. पण तो मान धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या वाट्याला सहज येतो. वाडीत खपणाऱ्या साध्या माणसाच्या वाट्याला क्वचित येतो. धर्मग्रामाचा सारा हिशेब कुटुंबांनी होतो. वर्गणी कुटुंबामागे, नोंदवही कुटुंबवार, प्रवचनात दाखले नवरा-बायकोचे आणि मुलाबाळांचे. नोंदवहीत काकांच्या घराचे एक पूर्ण पान आहे आणि त्यावर एकच नाव आहे.

त्यांच्या आळीत दर महिन्याला एका घरी सामूहिक प्रार्थना होते. प्रार्थना, बायबलवाचन, मग चहा. घरे क्रमाने ठरतात. काकांचे घर मात्र दर वेळी वगळले जाई. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. ‘एकटा माणूस, त्यांना कशाला त्रास?’ असा तो कनवाळूपणा होता. अनेक वर्षे ते काही बोलले नाहीत. एकदा मात्र यादी वाचून झाल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या घरीही देव येऊ शकतो.” पुढच्या महिन्यात बावीस माणसे त्यांच्या ओटीवर बसली. घरात कप होते चार. उरलेले शेजारून आले, आणि नंतर कोणता कप कोणाचा हे ओळखण्यात अर्धा तास गेला.

एकट्या ज्येष्ठांना जपताना आपल्या हातून नेमकी हीच चूक होते. त्यांच्याकडे डबा पाठवतो, पण त्यांच्या घरी जेवायला बसत नाही. विचारपूस करतो, पण त्यांच्याकडून काही मागत नाही. केवळ घेणारा होऊन राहिलेला माणूस हळूहळू बैठकीच्या कडेला सरकतो, आणि कडेला बसलेला माणूस एक दिवस आला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मौन की बहिरेपण?

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी काका प्रार्थनेला येईनासे झाले. मिस्साला येत, पण पिंपळाखाली न थांबता घरी जात. कोणी विचारले तर “कामं आहेत” म्हणत. गावाने समजूत करून घेतली की वयोमानाने ते शांत झाले आहेत. काही जणांना त्यात साधुत्वही दिसले.

प्रत्यक्षात त्यांना ऐकू येत नव्हते. चारचौघांत बोलणे सुरू झाले की शब्द एकमेकांत मिसळत. विनोदावर सगळे हसले की आपणही हसायचे, एवढेच उरले. दोन-तीनदा त्यांनी भलतेच उत्तर दिले आणि तरुण मुले हसली. त्यानंतर त्यांनी जाणेच सोडले.

उतारवयातील बहिरेपण हे असेच चोरपावलांनी येते. आवाज येतो, पण शब्द फुटत नाहीत, विशेषतः गोंगाटात. माणूस घरच्या शांततेत ठीक असतो आणि समारंभात हरवतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ घटक नोंदवले. त्यांत ऐकू कमी येणे आणि सामाजिक एकटेपणा हे दोन्ही आहेत. म्हणून ‘हल्ली फार बोलत नाहीत’ असे वाटू लागले, तर स्वभावावर बोट ठेवण्यापूर्वी कान तपासावेत. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. नसेल, तर श्रवणचाचणी करून योग्य यंत्र घ्यावे. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत ते पेटीत ठेवून देऊ नये.

रिकामा बाक

त्या वर्षी गणपतीचे विसर्जन नुकतेच झाले होते. पहाटे नेहमीप्रमाणे काका फुले तोडायला गेले. रात्रीपासून पोटात काही नव्हते. रक्तदाबासाठी आठवड्यापूर्वीच नवी गोळी सुरू झाली होती, जिने लघवीचे प्रमाण वाढते. खाली पडलेली फुले वेचायला ते वाकले, झटकन उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बावखलाच्या शेवाळलेल्या पायरीवर ते कोसळले. उजव्या खुब्याचे हाड मोडले. हाक मारली, पण त्या वेळी ऐकायला कोणी नव्हते.

साडेसहाच्या मिस्सात त्यांच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या लाल लुगड्यातील एका आजींना पुढचा बाक रिकामा दिसला. चाळीस वर्षे त्या माणसाची पाठ पाहिलेली. मिस्सा संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. ख्रिस्तप्रसाद घेतला आणि थेट बाहेर येऊन त्यांनी नातवाला सायकलवर पिटाळले. सव्वासातला काका सापडले. ते तब्बल अडीच तास ओल्या पायरीवर पडून होते.

पडल्यानंतर बराच वेळ तसेच पडून राहणे हे म्हाताऱ्या शरीराला पडण्याइतकेच घातक ठरू शकते. शरीर गार पडते, पाणी कमी होते, दाबाखालची त्वचा आणि स्नायू इजा पावतात, आणि त्यातून मूत्रपिंडावर ताण येतो. काका थोडक्यात निभावले, कारण त्यांची जागा ठरलेली होती आणि ती रिकामी दिसताच कोणीतरी हलले.

रुग्णालयात अकरा माणसे जमली. रक्त द्यायला तीन तरुण तयार होते. पण दाखल करून घेताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या अकरांपैकी एकालाही देता येईनात. कोणत्या गोळ्या चालू आहेत? कशाची ॲलर्जी आहे? नेहमीचे डॉक्टर कोण? पुतण्याचा फोन क्रमांक? आणि मग तो प्रश्न, जो काकांना वेदनेपेक्षाही लागला: “तुमचं कोण आहे?”

“सगळं गाव उभं होतं आणि मला उत्तर सुचेना,” ते म्हणतात.

शुद्धीवर असलेल्या, समज शाबूत असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची संमती शस्त्रक्रियेसाठी ग्राह्य असते. तरीही रुग्णालये जवळच्या नातेवाइकाची सही मागतात, आणि एकट्या माणसाच्या बाबतीत त्यात मोलाचा वेळ जातो. खुब्याच्या अस्थिभंगात शक्य असल्यास एक-दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी आणि रुग्णाला लवकर उभे करावे, हे आज सर्वमान्य आहे. अंथरुणात पडून राहिल्याने न्यूमोनिया, पायांत रक्ताच्या गुठळ्या आणि शय्याव्रण यांचा धोका वाढतो. काकांचा पुतण्या दुपारी पोहोचला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी वॉकर धरून ते चार पावले चालले.

सातव्या मजल्यावरचे दोन महिने

पुतण्याने आणि सूनबाईंनी त्यांना मुंबईच्या उपनगरातील आपल्या घरी नेले. त्यांची सेवा मनापासून झाली. सूनबाई नोकरी सांभाळून सकाळी व्यायाम करून घेत, वेळेवर औषधे देत, जेवणात अंडे, डाळ, मासे यांची काळजी घेत. हाड जुळत होते. पण काका दिवसा झोपू लागले, रात्री जागू लागले. वारांचा गोंधळ होऊ लागला. एके संध्याकाळी त्यांनी विचारले, “पाणी सोडलं का वाडीला?” आणि मग आपण कुठे आहोत हे आठवून गप्प झाले.

सूनबाईंचे निरीक्षण प्रत्येक काळजीवाहकाने लक्षात ठेवावे असे आहे. त्या म्हणाल्या, “मला आधी वाटायचं, माझंच काही चुकतंय. मी आणखी करत गेले, तसे ते आणखी मिटत गेले. मग लक्षात आलं, सकाळी उठून करण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर मीही थकले होते. ते कोणाला सांगायची लाज वाटत होती.”

त्यांनी ती लाज बाजूला ठेवली. डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टरांनी काकांचा रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर मोजला. उभे राहताच तो बराच उतरत होता. गोळी बदलली. कान तपासले गेले, यंत्र आले. उदासीनतेविषयी स्वतंत्रपणे बोलणे झाले. आणि मग घरात एक रविवारी बैठक बसली: काका, पुतण्या, सूनबाई, गावाहून आलेले समोरचे शेजारी आणि फादर. काकांना परत जायचे होते. पुतण्याला भीती वाटत होती. दोघांचेही रास्त होते.

परत येण्याच्या अटी

काका परतले, पण आधीसारखे नाही. त्यांनी बरेच काही सोडले, आणि ते सोडताना त्रास झाला. पहाटेची फुलतोड बंद झाली. मोगरा आणि चाफा आता शेजारचा तरुण अर्धेलीने करतो. बावखलाच्या पायऱ्यांवर एकट्याने उतरायचे नाही. वाडीत जायचे ते उजाडल्यावर, काहीतरी खाऊन, काठी घेऊन. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंतचे बूट घालायचे. साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. केळीच्या दोन ओळी मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवल्या. “त्या मी मरेपर्यंत माझ्या,” हे त्यांनी फादरांसमोर वदवून घेतले.

घरात शौचालयाची उंच बैठक आली, भिंतीला धरायला दांडे बसले, अंथरुणापासून मोरीपर्यंत रात्रीचा मंद दिवा आला, सुटी पायपुसणी गेली. एक किल्ली समोरच्या घरी खुंटीवर लागली. आणि ओटीवरच्या दिव्याचा संकेत ठरला. मोबाइल आहेच, पण मोबाइल उशाशी राहतो, चार्ज संपतो, पडल्यावर हाताला लागत नाही. दिवा मालवला नाही हे मात्र समोरच्याला दिसतेच.

जेवणाचा प्रश्न वेगळा होता. एकट्या पुरुषांच्या घरी सर्वांत आधी स्वयंपाक आटतो. एकट्यासाठी काय शिजवायचे, म्हणून चहा-खारीवर रात्र निघते, आणि वजन व स्नायू दोन्ही झिजतात. आता दुपारचा डबा एका घरातून पैसे देऊन येतो. पैसे घ्यायला त्या घरची बाई तयार नव्हती. काकांनी सांगितले, “फुकटचा डबा मला दोन महिने गोड लागेल, तिसऱ्या महिन्यात मी नको म्हणेन.” रात्री ते स्वतः तांदळाची भाकरी भाजतात, सोबत अंडे, सुकट किंवा डाळ.

चर्चमध्ये जाणे पुन्हा सुरू झाले. याचा आरोग्याशी असलेला संबंध संशोधकांनी तपासला आहे. अमेरिकेतील ७४ हजारांहून अधिक परिचारिकांचा सोळा वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा सामूहिक उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण ३३ टक्के कमी आढळले. मिळणारा सामाजिक आधार हे त्याचे एक कारण दिसले. अशा अभ्यासांतून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि प्रार्थना ही औषधाची जागा घेत नाही. पण चारचौघांत जाऊन बसण्याची ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ माणसाला धरून ठेवते. ती जागा चर्चमधील बाक असेल, देवळातील भजनी मंडळ असेल, मशिदीतील सफ असेल किंवा बागेतील कट्टा असेल.

कागदांचे काम

एकट्या माणसाने जमिनीविषयी बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. वसईत जमिनीचे भाव असे वाढले आहेत की प्रेमाने आलेल्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते, आणि संशयाच्या भीतीने प्रेमाची माणसे येईनाशी होतात. काकांनी तो गुंता स्वतःच सोडवला. त्यांनी मृत्युपत्र केले आणि त्यात काय आहे ते दोन्ही पुतण्यांना एकत्र बसवून सांगितले. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला त्यातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये.

दुसरा कागद वैद्यकीय इच्छापत्राचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. बरे होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार नकोत आणि आपण बोलू शकत नसताना आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे त्यात लिहिता येते. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. काकांनी त्यात पुतण्याचे आणि समोरच्या शेजाऱ्यांचे अशी दोन नावे घातली. ‘तुमचं कोण आहे?’ या प्रश्नाला आता त्यांच्याकडे लेखी उत्तर आहे.

हयातीत जमीन कोणाच्या नावे करण्याची घाई मात्र करू नये. करायचीच असेल, तर सांभाळण्याची अट त्या लेखातच स्पष्ट लिहावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७च्या कायद्यानुसार, अशी अट मोडली गेल्यास ते हस्तांतरण रद्द करण्याची दाद मागता येते. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्यांच्या ताब्यात आहे किंवा ज्यांना ती वारशाने मिळणार आहे, अशा नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

आज संध्याकाळी करण्यासारखे

आपण एकटे राहत असाल किंवा आपल्या शेजारी एखादे असे घर असेल, तर काकांच्या अनुभवातून एवढे जरूर घ्यावे. एका वहीच्या पहिल्या पानावर औषधे, ॲलर्जी, आजार, रक्तगट, डॉक्टरांचे नाव आणि दोन माणसांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत. वही दाराजवळ टांगावी आणि गोळी बदलली की पान बदलावे. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. रोज सकाळी ‘मी ठीक आहे’ हे न बोलता कळेल असा एखादा संकेत ठरवावा. अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे. चक्कर येत असेल तर गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. आणीबाणीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सल्ला, तक्रार किंवा नुसते बोलण्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ उपलब्ध असते. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान भारत’ योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे. त्याचे कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवावे.

आणि काळजीवाहकांनो, आपल्या थकव्याविषयी कोणाशी तरी बोला. सूनबाई बोलल्या, म्हणूनच काकांचे पुढचे सगळे मार्गी लागले.

निघताना मी काकांना विचारले, एकटेपणा वाटतो का? त्यांनी यंत्र कानात नीट बसवले, प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि थोडा वेळ बावखलाकडे पाहत राहिले. “वाटतो. रात्री जेवताना वाटतो. आईच्या कबरीवर नोव्हेंबरात मेणबत्ती लावतो, तेव्हा माझ्या कबरीवर कोण लावील असंही मनात येतं. पण सकाळ झाली की दिवा मालवायचा असतो. समोरचा माणूस वाट पाहत असतो.”

पुढच्या महिन्यात आळीची प्रार्थना पुन्हा त्यांच्या घरी आहे. फडताळात दोन डझन नवे कप धुऊन पालथे घातलेले दिसले. “या वेळी कोणाकडून आणायचे नाहीत,” असे म्हणत त्यांनी ते मोजून दाखवले.